घर कुणाचे? : 'वीडू' आणि चोरटी प्रत

चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी रविवारी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात युवक-युवतींनी 'वीडू' हा तमिळ चित्रपट दाखविला. 'वीडू' म्हणजे घर. निवड आमचीच होती. आम्ही गुरुविद्यालयात शिकत होतो त्या दिवसांत, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट उपशीर्षकांसह दाखवीत. त्यात हा चित्रपट आम्ही पाहिला होता आणि पुढे कितीतरी दिवस तो मनातून गेला नव्हता. वाडीचा तुकडा विकून, पतपेढीचे कर्ज काढून, कचेरीच्या पायऱ्या झिजवून जिथे लोक घर बांधतात, तिथे या चित्रपटाला दुभाष्याची गरज पडणार नाही, असे आम्हांला वाटले होते.

चित्रपट कुठून आणला, हे मात्र आम्ही विचारले नाही. एका मुलाने तो पेनड्राइव्हवर आणला होता, एवढे दिसत होते आणि तेवढे आम्हांला पुरेसे वाटले. पडद्यावर चित्र आले ते राखाडी, धुरकट. एका कोपऱ्यात कुठल्याशा संकेतस्थळाचे नाव अखेरपर्यंत चिकटून बसले होते. उपशीर्षके दोन-तीन वाक्ये मागून येत. म्हातारा आजोबा बोले आणि त्याचे शब्द नातीच्या चेहऱ्याखाली उमटत. तरीही सभागृह शांत होते. घर हळूहळू उभे राहत आले, भिंती आल्या, छप्पर आले, आणि एकाएकी पडदा काळा झाला. क्षणभर थांबून लोकांनी टाळ्या वाजविल्या. पुढच्या रांगेतील एक वृद्ध बाई मोठ्याने म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं पोरीचं घर!"

आम्ही उठून उभे राहिलो. चित्रपट संपलेला नव्हता. ज्याच्यासाठी तो काढला गेला, तो भाग अजून यायचा होता. तो त्या प्रतीत नव्हताच. कुणीतरी, कुठेतरी, उतरवून घेताना किंवा आकार लहान करताना शेवटची रिळे गाळली होती, आणि एका दुःखान्त कलाकृतीचे सुखान्त गोष्टीत रूपांतर झाले होते. दिग्दर्शकाने जे म्हटले त्याच्या नेमके उलटे शंभर माणसे त्याच्या नावावर घरी घेऊन निघाली होती.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनात आहे. जुन्या चित्रपटांची पायरसी म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असा एक समज भल्याभल्या माणसांत आढळतो. नवा चित्रपट चोरला तर निर्मात्याचे नुकसान होते, हे कुणालाही पटते. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तमिळ चित्रपटाची प्रत कुणी फुकट पाहिली तर कुणाचे काय बिघडले? त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह आणणाऱ्या मुलाने आम्हांला हेच विचारले. "फादर, ज्यांनी बनवला ते तर गेले. पैसे द्यायचे म्हटले तरी कुणाला द्यायचे?" मुलगा सरळ आहे, आणि प्रश्नही सरळ आहे. सातव्या आज्ञेचा उच्चार करून त्याला गप्प बसविणे सोपे होते. पण आज्ञा त्याला पाठ आहे. या प्रकारात चोरी नेमकी कशाची होते, हे त्याला कुणी दाखविले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही त्याचा नीट विचार केला नव्हता.

प्रथम चित्रपटाविषयी. 'वीडू' १९८८ साली प्रदर्शित झाला. १९८७ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला आणि त्यातील सुधाच्या भूमिकेसाठी अर्चनाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. कथा दोन ओळींत सांगता येते. मद्रासमधील एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाला भाड्याचे घर सोडावे लागते. नोकरी करणारी सुधा, तिची धाकटी बहीण आणि म्हातारे आजोबा, एवढेच ते कुटुंब. दुसरे भाड्याचे घर परवडत नाही, म्हणून सुधा स्वतःच्या जमिनीवर लहानसे घर बांधायला घेते. मग कर्ज, परवानगी, परवानगीसाठी हात ओले करणे, पावसात थांबलेले काम. अर्धवट उभे राहिलेले घर डोळे भरून पाहून परतताना आजोबांचा प्राण जातो. या भूमिकेतील चोक्कलिंग भागवतर तो नवा दरवाजा, ती ओली भिंत हाताने चाचपून पाहतात, तो प्रसंग आम्ही येथे शब्दांत उतरविण्याचा प्रयत्न करणार नाही. आणि शेवटी, घर होत आलेले असताना, पाणीपुरवठा खात्याचा माणूस येऊन सांगतो की ही जमीन खात्याने आधीच संपादित केली आहे. प्रकरण न्यायालयात जाते. चित्रपट तिथेच थांबतो. निकाल आपल्याला कळत नाही.

त्यात गाणी नाहीत. पार्श्वसंगीत इळयराजांचे आहे, तेही त्यांच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ टू नेम इट' या वाद्यसंगीताच्या ध्वनिफितीतून घेतलेले. दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन बालू महेंद्र यांचे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी त्यांचा 'सदमा' पाहिला असेल. तो १९८३चा, १९८२ साली त्यांनीच तमिळमध्ये काढलेल्या 'मून्ड्रम पिरै'चे ते हिंदी रूप होते.

'वीडू'तील एक उपकथा आम्हांला येथे विशेष महत्त्वाची वाटते. बांधकामाचा ठेकेदार गोड बोलणारा आहे, आणि सुधाने पै-पै करून आणलेले सिमेंट तो परस्पर काढून विकतो. मंगम्मा नावाची कामावरची मजूर स्त्री ही गोष्ट सुधाला सांगते. भांडण होते, ठेकेदार काम सोडून निघून जातो, आणि ज्या बाईला या घरात कधी राहायला मिळायचे नाही ती सुधाच्या पाठीशी उभी राहते. आता सिमेंटची चोरी ही कशी चोरी आहे पाहा. भिंत तर उभी राहते. बाहेरून गिलावा केल्यावर चांगली भिंत आणि पोकळ भिंत यांत फरक दिसत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, घर छान झाले. फरक कळतो तो पावसाळ्यात, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या गावी दुसरे घर बांधीत असतो.

चोरट्या प्रतीचे नेमके असेच आहे. चित्र हालते, माणसे बोलतात, कथा समजते. पाहणाऱ्याला वाटते, आपण चित्रपट पाहिला. 'मून्ड्रम पिरै'च्या छायालेखनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. निलगिरीच्या डोंगरातले धुके, सकाळचा कोवळा उजेड, केट्टीच्या छोट्याशा स्थानकावरचा पाऊस, या गोष्टी त्या चित्रपटात शोभेसाठी आलेल्या नाहीत. त्या स्त्रीच्या हरवलेल्या स्मृतीचे ते हवामान आहे. चोरटी प्रत तयार करताना आकार लहान करण्यासाठी चित्रातला तपशील पिळून काढला जातो, आणि पहिला बळी जातो तो धुक्याचा आणि अंधाराचा. धुक्याच्या जागी चौकोनी ठिपके नाचू लागतात. जुन्या चौकटीचे चित्र रुंद पडद्यावर बसावे म्हणून कुणी त्याला आडवे ताणतो, कुणी वरची-खालची पट्टी कापतो. मग माणसांची डोकी छाटली जातात. बालू महेंद्र यांची ख्याती होती ती नैसर्गिक प्रकाशाच्या वापरासाठी. खिडकीतून येणारा जेवढा उजेड खोलीत असतो, तेवढ्यावरच ते चेहरा रंगवीत. त्या चेहऱ्याच्या जागी आमच्या सभागृहात एक काळा डाग दिसत होता. कार्यक्रमानंतर एक मुलगी आम्हांला म्हणाली, "फादर, जुने पिक्चर असे अंधारेच असतात ना?" प्रेक्षकाचे नुकसान म्हणतात ते हेच. त्याला वाईट प्रत मिळाली याचे एकवेळ काही वाटू नये. पण मुळात वस्तू अशीच होती, असे तो धरून चालतो. अभिजात कलाकृती कंटाळवाणी आणि मळकट असते, असा धडा तो तिच्याच नावाने शिकतो, आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

येथे थोडे मागे जाऊ. तमिळ चित्रपटांची उठाठेव मराठी त्रैमासिकात कशासाठी, असे कुणी विचारील. पण ते घर काही अंशी आपल्याही अंगणात बांधले गेले आहे. पहिला तमिळ बोलपट मानला जाणारा 'कालिदास' १९३१ साली मुंबईत, अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. तेव्हा मद्रासला बोलपटाची सोय नव्हती. १९३४ साली आपल्या प्रभात फिल्म कंपनीने 'सीता कल्याणम' हा तमिळ चित्रपट काढला. ज्या जागेत पुण्याला प्रभातचा स्टुडिओ होता, तिथेच १९६० साली चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि श्रीलंकेतील बट्टिकलोआजवळच्या एका खेड्यातून आलेला बालू महेंद्र नावाचा तरुण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथेच छायालेखन शिकला. 'कालिदास'ची मात्र आज एकही प्रत उपलब्ध नाही. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', तोही त्याच कंपनीचा, आणि तोही गेला.

वाचकांना वाटेल, ते फार जुने. नव्या चित्रपटांचे तसे होत नसेल. पण 'वीडू'सह आपल्या काही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह उरलेल्या नाहीत, असे बालू महेंद्र यांनी आपल्या अखेरच्या वर्षांत मोठ्या दुःखाने सांगितले होते, आणि तमिळ चित्रपटांच्या जतनासाठी चेन्नईला संग्रहालय हवे, असा आग्रह धरला होता. २०१४च्या फेब्रुवारीत ते वारले. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट, दिग्दर्शक हयात, आणि पंचवीस वर्षांच्या आत मूळ वस्तू नाहीशी! या चित्रपटासाठी त्यांनी चेन्नईच्या सालिग्रामम भागात खरोखरच एक घर बांधले होते. ते घर राहिले, पुढे त्यांची चित्रपटशाळा तिथे भरत असे. विटा-मातीचे घर टिकले आणि चित्रपटातले घर गेले.

न्यायाने बोलायचे तर, त्या निगेटिव्ह पायरसीवाल्यांनी नेल्या नाहीत. त्या उपेक्षेने गेल्या. पण उपेक्षा कशी चालते, हे पाहिले पाहिजे, कारण तिथेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चित्रपटाची निगेटिव्ह ही नाशवंत वस्तू आहे. दमट हवेत तिला बुरशी लागते, तिला आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते. ती थंड आणि कोरड्या जागी ठेवावी लागते, आणि त्या जागेचे भाडे असते. बहुतेक निगेटिव्ह निर्मात्याच्या घरी नसतात, लॅबमध्ये असतात. निर्माता कर्जबाजारी होतो, मरतो, त्याच्या मुलांना चित्रपटात रस नसतो, भाडे थकते, लॅब बंद पडते किंवा जागा विकायला निघते, आणि एके दिवशी डबे बाहेर काढले जातात. भाडे भरत राहण्याचे एकच व्यवहारी कारण निर्मात्याच्या वारसापुढे असू शकते : हा चित्रपट अजून कुणी पैसे देऊन पाहील, ही आशा. बाजारात दहा रुपयांच्या तबकडीवर आणि पुढे इंटरनेटवर फुकट तोच चित्रपट मिळू लागला की ती आशा मावळते. दूरचित्रवाणी वाहिनी त्याला किंमत देत नाही, तबकडी काढणारी कंपनी येत नाही, निगेटिव्ह दुरुस्त करण्यासाठी लाखो रुपये घालायला कुणी धजत नाही. पाहणारा म्हणतो, "चित्रपट तर आहेच की, हवा तेव्हा पाहता येतो." तो 'आहे' असे वाटते, म्हणूनच तो राखण्याची निकड कुणाला भासत नाही. आमच्या मते चोरट्या प्रतीचा खरा अपराध हा आहे.

याची उलट बाजूही तमिळ चित्रपटसृष्टीनेच दाखविली. बी. आर. पंतुलू यांचा १९६४ सालचा 'कर्णन' दुरुस्त करून, रंग आणि ध्वनी नव्याने साफ करून, २०१२च्या मार्चमध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला. शिवाजी गणेशन यांचा तो कर्ण आणि एन. टी. रामाराव यांचा कृष्ण लोकांनी दूरचित्रवाणीवर कितीदा पाहिला असेल! तरी तो शंभर दिवसांवर चालला. नातवंडांना घेऊन आजी-आजोबा आले. त्या यशामुळेच इतरांना धीर आला, आणि २०१४ साली एम. जी. रामचंद्रन यांचा १९६५चा 'आयिरत्तिल ओरुवन' त्याच रीतीने आला व चांगला चालला. चांगली वस्तू समोर ठेवली तर प्रेक्षक पैसे देतो. तो मुळात चोर नाही. त्याला चोरट्या प्रतीची सवय लावली गेली आहे, एवढेच.

निर्माते म्हणजे धुतल्या तांदळासारखे, असे मात्र कुणी समजू नये. गीतकार आणि संगीतकार यांच्याकडून एकरकमी पैशांत सगळे हक्क लिहून घेण्याची रीत आपल्याकडे दीर्घकाळ होती. कन्नदासन यांचे अखेरचे गीत म्हणून जे ओळखले जाते ते 'मून्ड्रम पिरै'तलेच. १९८१ साली ते गेले, चित्रपट नंतर आला. (प्रभू येशूच्या चरित्रावर तमिळमध्ये 'येसु काव्यम' लिहिणारे कवी ते हेच.) अशा गीतकारांच्या वारसांना मानधनाचा वाटा मिळावा, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने झाली. तेव्हा आता तरी "ते तर गेले" हे म्हणणे पुरते खरे नाही. पण ज्याला काही मिळायचे ते वैध विक्रीतून. चोरट्या प्रतीतून निर्मात्यालाही नाही, कवीलाही नाही, आणि मंगम्माला तर नाहीच नाही.

एक आक्षेप मात्र आम्हांला अडवितो. 'वीडू' पाहायचा तर वैध प्रत मिळवायची कुठून? जे दुकानात नाही, चित्रपटगृहात नाही, ते पाहण्याची इच्छा धरणे हा काही गुन्हा नव्हे. आणि नक्कल करणे हेच पाप म्हणावे, तर आपण ख्रिस्तपुराणाला मुकलो असतो. फादर स्टीफन्स यांच्या त्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ सालच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या होत्या, म्हणून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला. नकलेने वाचविलेला ग्रंथ आपल्या घरात असताना आम्ही नकलेला सरसकट दूषण कसे देणार? उद्या 'वीडू'च्याही उरल्यासुरल्या प्रती जुळवूनच कुणाला तो उभा करावा लागेल, हे आम्ही जाणतो.

परंतु पोथी उतरविणारा अक्षर न्‌ अक्षर उतरवीत असे. ओव्या गाळून पोथी हलकी करणे हा त्याचा धंदा नव्हता. पानाच्या कोपऱ्यात तो आपल्या दुकानाची पाटी लावीत नसे. आणि त्याच्या पोथीमुळे कुणाची मिळकत बुडत नव्हती. जतनासाठी केलेली प्रत आणि जाहिराती दाखवून पैसे मिळविण्यासाठी केलेली प्रत, यांतला हा भेद सूक्ष्म नाही. कायद्यानेही एक मर्यादा घातली आहेच. आपल्या देशात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. 'कर्णन'ची मुदत २०२४च्या अखेरीस संपली. चित्रपट म्हणून तो आता सर्वांचा आहे, गीतांचा हिशेब निराळा. 'वीडू' २०४८च्या अखेरीपर्यंत कुणाचा तरी आहे. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी तो दाखवायचा नाही आणि दुसऱ्यालाही दाखवू द्यायचा नाही, ही अडवणूकही आम्हांला मान्य नाही. कुलूप लावून ठेवलेले घरही पडतेच.

शिक्षेविषयी दोन शब्द. तमिळनाडूने २००४ साली गुंडांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांचा समावेश केला. महाराष्ट्रानेही २००९ साली तेच केले. २०२३ साली केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. हे सारे नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्याचे राखण आहे. पदपथावर तबकड्या विकणाऱ्या पोराला खटल्याविना कोठडीत ठेवून एकाही जुन्या निगेटिव्हची बुरशी निघालेली आम्ही ऐकली नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या थंड खोल्यांवर खर्च केलेला रुपया आम्हांला अधिक सत्कारणी लागलेला वाटतो.

त्या रविवारी आम्ही पेनड्राइव्ह त्या मुलाच्या हाती परत दिला आणि चूक आमची होती, असे त्याला सांगितले, कारण ती होतीच. सभागृहात अजून माणसे बसली होती. तेव्हा गाळलेला शेवट आम्ही तोंडीच सांगितला : खात्याचा माणूस कसा येतो, कागद कसा दाखवितो, सुधा त्या भिंतींकडे कशी पाहते. दूरदर्शनवर तीस वर्षांपूर्वी पाहिलेले जेवढे आठवले तेवढे सांगितले. काही चुकलेही असेल. लोक छत्र्या उघडून बाहेर पडू लागले. पुढच्या रांगेतील त्या बाई मात्र दारात थांबल्या. "मग फादर," त्यांनी विचारले, "त्या पोरीला शेवटी घर मिळालं की नाही?"

चित्रपटात ते सांगितलेले नाही, असे आम्ही म्हणालो. त्यांचा आमच्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. "नीट आठवून बघा," म्हणाल्या, आणि पावसात गेल्या.